आक्काच्या गोळ्या बदलल्या त्या वर्षातला फोन

हे प्रकरण माझ्या सख्ख्या बहिणीचं, आक्काचं आहे. तिला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी एकदम खाली तर कधी एकदम वर जायचा आजार. तिला विचारूनच लिहितोय, लिहून झाल्यावर तिनं वाचलं, दोन परिच्छेदांवर सरळ काट मारली आणि "आता टाक" म्हणाली. घरचे काही तपशील मुद्दाम बदललेत. माझं कोल्हापुरात राजारामपुरीत मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे, त्यामुळं फोनबद्दल जे लिहितोय ते रोजच्या हाताखालचं, आणि गोळ्यांबद्दल जे आहे ते तिच्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून समजावलेलं आणि तिच्या फाईलमधलं. डोसचे आकडे तिचे आहेत. ते बघून कुणी स्वतःच्या गोळ्या हलवायच्या नाहीत, हे एकदाच सांगतो.

आधीचं थोडं

आक्का तिशीची, एका पतसंस्थेत काउंटरला बसते. राहायला कसबा बावड्यात. दाजी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, शिफ्ट ड्युटी. घरात सासूबाई, त्यांना मी मावशी म्हणतो.

२०२१ मध्ये ती काही महिने एकदम गप्प गप्प होती, कामावर जायची आणि आली की झोपायची. एका ठिकाणी दाखवलं, तिथं नुसती डिप्रेशनची गोळी चालू झाली. बायपोलर असलेल्या माणसाला मूड धरून ठेवणारं दुसरं औषध न देता नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर माणूस उलट्या बाजूला, म्हणजे मॅनियात जाऊ शकतो, हे आम्हाला नंतर कळलं. तवा एवढंच दिसलं की पोरगी बरी झाली, खूपच बरी झाली. दोन-तीन तास झोप, पहाटे चारला उठून लादी पुसायला लागायची, एका वाक्यात चार विषय. आणि खरेदी. दोन फोन ईएमआयवर घेतले, एक स्वतःला आणि एक कॉलेजच्या मैत्रिणीला, जिला ती कित्येक वर्षं भेटली पण नव्हती. ते हप्ते दाजींनी दीड वर्ष भरले. त्यातला एक फोन पुढं माझ्याकडं विकायला आला तेव्हा मागच्या बाजूचं प्लास्टिक पण निघालेलं नव्हतं.

मग ॲडमिट, निदान, आणि डायव्हलप्रोएक्स, म्हणजे व्हॅल्प्रोएटच, दिवसाला १००० मिलिग्रॅम. त्यावर ती तीन वर्षं व्यवस्थित होती. वजन वाढलं, केस गळाले, त्याबद्दल ती कुरकुरायची पण गोळी कधी चुकवली नाही.

घरात मात्र एक झालं. फोन हा शब्दच आजाराचा झाला. आक्का नुसतं "हा फोन हँग होतोय गं बाई" म्हणाली तरी मावशी दाजींकडं बघणार, दाजी माझ्याकडं बघणार.

दोन गोष्टी एकाच महिन्यात

२०२५ च्या सुरुवातीला आक्का-दाजींनी ठरवलं की आता मूल पायजे. आणि व्हॅल्प्रोएट हे गरोदरपणात सगळ्यात नको असलेल्या औषधांपैकी एक आहे. पोटात असताना हे औषध मिळालेल्या दर १० बाळांत साधारण १ ला जन्मजात दोष असतो, आणि १०० तल्या ३० ते ४० मुलांना पुढं बोलण्या-शिकण्याच्या वाढीत त्रास होऊ शकतो. आक्कानं हे कुठंतरी वाचलं आणि तिचा पहिला विचार होता की उद्यापासून गोळी बंद. हे लय जण करतात म्हणे. डॉक्टरांनी तिथंच थांबवलं. एकदम बंद केलं तर आजार उलटून यायची भीती मोठी, त्यामुळं दुसरं औषध आधी हळूहळू चढवायचं, मग हे उतरवायचं, आणि हे पूर्ण उतरून स्त्रीरोगतज्ज्ञांनी हो म्हणेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत. फॉलिक ॲसिड पण आधीपासूनच चालू करायचं ठरलं.

नवीन औषध लॅमोट्रिजिन. हे डिप्रेशनची बाजू चांगली सांभाळते, मॅनियाची बाजू तेवढी नाही, म्हणून सोबत रात्रीची क्वेटियापीन. लॅमोट्रिजिनची खोड अशी की घाई केली तर अंगावर पुरळ उठतं, आणि क्वचित ते स्टीव्हन्स-जॉन्सनपर्यंत जातं, म्हणजे कातडी सोलवटून, तोंडात-डोळ्यात फोड येऊन जिवावर बेतणारं. त्यात व्हॅल्प्रोएट अंगात असताना लॅमोट्रिजिनची पातळी जवळपास दुप्पट होते. म्हणून सुरुवात २५ ची गोळी एक दिवसाआड दोन आठवडे, मग रोज २५ दोन आठवडे, मग ५०, मग १००, आणि व्हॅल्प्रोएट पूर्ण गेल्यावर २०० कडं. अजून एक, डॉक्टरांनी आवर्जून विचारलं की पाळणा लांबवायच्या गोळ्या घेते का, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या लॅमोट्रिजिनची पातळी निम्म्यावर आणतात. हे मला तरी अगदीच नवीन होतं.

आणि ह्याच महिन्यात, मार्चमध्ये, आक्का दुकानात आली, काउंटरवर फोन ठेवला आणि म्हणाली, "भावा, पाच-सहा वर्षं टिकेल असा एक फोन सांग. माझं बजेट तीस-पस्तीस, आरडी मोडणार हाय."

मी फोन उलटा केला. २०२० चा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, त्यात ५८ भरलेलं. मागचं कव्हर एका बाजूनं उचललेलं, बॅटरी फुगलेली. सिक्युरिटी अपडेट कधीच बंद. हिच्या बँकेचं ॲप मधेच उघडायचं नाही. म्हणजे फोन पायजेच होता, ह्यात वाद नव्हता. पण त्याच संध्याकाळी दाजींचा फोन आला, आवाज एकदम बारीक. "अरे ती फोनचं बोलायलीय. गोळ्या बदलायच्या आधीच सुरू झालं बघ."

आता मी काय करायचं? एका बाजूनं मी दुकानदार, मला दिसतंय की बॅटरी फुगलीय. दुसऱ्या बाजूनं मी भाऊ, २०२१ मी पण बघितलंय. पण एक गोष्ट मला खटकत होती. माणसाची प्रत्येक इच्छा आपण लक्षण म्हणून बघायला लागलो तर ते माणूस आपल्याला सांगायचंच बंद करणार, आणि मग खरं लक्षण आलं तरी आपल्याला कोण सांगणार?

डॉक्टरांपुढं

पुढच्या भेटीला आम्ही तिघंही गेलो आणि दाजींनी विषय काढला. डॉक्टरांनी फोन कुठला, कशाला हे काहीच विचारलं नाही. झोप किती? सात तास. किती दिवस झाले फोन बदलायचा विचार करतेस? दिवाळीपासून. पैसे कुठून? आरडी. किती फोन? एक. कुणाला सांगितलंस? सगळ्यांना. झालं, म्हणाले, ही गरज आहे, आजार नाही.

मग गोळ्यांच्या सूचना सांगताना ते म्हणाले की पहिले दोन महिने नवीन साबण नको, नवीन क्रीम नको, हेअर डाय नको, आधी न खाल्लेलं काही नको. पुरळ उठलं तर ते कशानं उठलं हे कळलं पायजे.

हे माझ्या डोक्यात बरोबर बसलं, कारण आमच्या धंद्यात पण हेच. फोन चार्ज होत नसेल तर आधी चार्जर बदलून बघायचा, मग जॅक, मग बॅटरी. एकदम तिन्ही बदलले तर फोन चालू होतो पण नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. मी तिथंच विचारलं, नवीन फोनचं पण असंच धरायचं का? कारण नवीन फोन आला की पहिले पंधरा दिवस माणूस रात्री एकपर्यंत त्याच्यातच असतो, रोज बघतो मी गिऱ्हाईकं. आणि झोप कमी होणं हे मॅनियाचं लक्षण तर आहेच, शिवाय मॅनिया ओढून आणायला पण तेच कारण पुरतं. मग गोळ्या बदलताना झोप कमी झाली तर गोळीमुळं का फोनमुळं, कसं ओळखणार? डॉक्टर हसले, म्हणाले, बरोबर आहे.

आक्का म्हणाली, "तारीख सांगा मग."

हे तिनं लय भारी केलं. कारण "नंतर बघू" म्हणजे आपल्याकडं काय असतं ते सगळ्यांना म्हाईत आहे. तारीख देता येत नव्हती, पण अट लिहून देता आली: गोळ्यांचा शेवटचा बदल झाल्यावर सलग चार आठवडे झोप साडेसहा तासांच्या वर असली की फोन. कुणाची परवानगी नको, कुणाची सही नको, चार आठवड्यांचे आकडे तेवढे दाखवायचे.

आकडे कुठं लिहायचे? स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर. रोज सकाळी चहा ठेवताना त्या चौकोनात कालची झोप, नुसता आकडा. लिहायचं आक्कानं, ती विसरली तर मावशींनी.

मधल्या काळाची सोय म्हणून मी जुन्या फोनची बॅटरी बदलली. फुगलेली बॅटरी घेऊन "आणि चार महिने ढकलू" हे चालत नाही, आत गॅस झालेला असतो, दाबली, टोचली किंवा तापली तर पेट घेते. काढताना प्लास्टिकची पट्टी आणि सबुरी, मेटल अजिबात नाही. फोटो-व्हिडिओ काढून स्टोरेज निम्मं केलं. खर्च हजाराच्या आत. चांगली बॅटरी टाकली तर फोन पाच-सहा महिने आरामात चालतो.

कागद

त्याच आठवड्यात तिनं आणि मी बसून फोनचा कागद केला, कारण डोकं शांत असताना यादी करून ठेवायची हे डॉक्टरांनीच सुचवलं होतं. पतसंस्थेच्या एका वहीचं पान, ते तिनं औषधाच्या फाईलमध्येच लावलं. त्यात काय होतं ते सविस्तर सांगतो, कारण टिकाऊ फोन म्हटलं की लोक कॅमेरा आणि रॅम विचारतात, आणि फोन मरतो दुसऱ्याच कारणांनी.

पहिलं अपडेट. फोन धडधाकट असतो पण अपडेट थांबले की तीन-चार वर्षांत बँकेची ॲप कुरकुरायला लागतात. कंपनी "सहा वर्षं अपडेट" म्हणते ते फोन बाजारात आला तेव्हापासून मोजायचं, तुम्ही बिल केल्यापासून नाही. हे गिऱ्हाइकाला कोण सांगत नाही. सॅमसंगचं उदाहरण आम्ही कागदावर मांडलं. गॅलेक्सी ए३५ मार्च २०२४ ला आला, चार अँड्रॉइड व्हर्जन आणि पाच वर्षं सिक्युरिटी, म्हणजे २०२९ ला संपलं. ए३६ मार्च २०२५ ला आला, सहा व्हर्जन आणि सहा वर्षं, म्हणजे २०३१. दिसायला दोन्ही जवळपास सारखे, आणि ए३५ डिस्काउंटमध्ये स्वस्त मिळतो म्हणून माणूस तो उचलतो आणि दोन वर्षं गमावतो. वरच्या किमतीत पिक्सेल ८ पासून गुगलनं आणि एस२४ पासून सॅमसंगनं सात वर्षं कबूल केलीत. त्यामुळं कागदावर पहिली ओळ: "अपडेट २०३१ च्या आधी संपत असेल तर नको."

दुसरी बॅटरी. ती मरणारच, प्रश्न एवढाच की बदलून मिळणार का. युरोपात २० जून २०२५ पासून नियमच आलाय की बॅटरी ८०० चार्जिंग सायकलनंतर पण ८० टक्के राहिली पायजे आणि सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावर सात वर्षं मिळाले पायजेत. आपल्याकडं तसला नियम नाही, पण तिकडं विकायला जो फोन बनतो तोच बऱ्याचदा इकडं येतो. कोल्हापुरात कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर आहे का हे बघायचं, पार्टसाठी पुण्याला पाठवायला लागणारा फोन टिकाऊ नसतो, महाग असतो.

तिसरं स्टोरेज. ए३६ ला मेमरी कार्डची जागाच नाही, त्यामुळं १२८ घेतलं तर तीन वर्षांत रडायचं. २५६.

चौथं पाणी. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर माझ्या दुकानात भिजलेल्या फोनची पोती भरली होती. आयपी६७ म्हणजे स्वच्छ पाण्यात एक मीटरपर्यंत अर्धा तास, तेसुद्धा नवीन असताना. पुराचं गढूळ पाणी त्यात धरत नाहीत आणि पाणी गेलं तर वॉरंटी पण हात वर करते. तरी रंकाळ्यावर पावसात उभं राहून फोटो काढणाऱ्या माणसाला आयपी६७ पायजेच. एकदा उघडून डिस्प्ले बदलला की तो सील पहिल्यासारखा राहत नाही, हे पण सांगून ठेवतो.

आणि कागदाच्या खाली तिच्या अक्षरात: ईएमआय नाही. एकच फोन. स्वतःसाठी. पस्तीसच्या वर एक रुपया नाही.

त्याच वेळी तिनं स्वतःहून अजून दोन कामं केली. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन यूपीआयची रोजची मर्यादा पाच हजारावर आणली, आणि क्रेडिट कार्ड दाजींच्या कपाटात टाकलं. आणि एक कायद्याचं काम. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये अशी सोय आहे की माणूस बरा असताना लिहून ठेवू शकतो, मला पुढं त्रास झाला तर उपचार कसे करा, कसे करू नका, आणि माझ्या वतीनं कोण बोलेल. तिनं दाजींचं नाव घातलं. ते उपचारापुरतं असतं, खरेदीला लागू नाही, फोनचा कागद हा आमचा घरगुतीच.

मे महिना

एप्रिलमध्ये लॅमोट्रिजिन चालू झालं. मे मध्ये एका सकाळी मानेवर आणि पाठीवर बारीक लाल पुरळ. घरात धावपळ. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की पुरळ दिसलं की पुढची गोळी न घेता त्याच दिवशी दाखवायचं, ताप, तोंडात फोड किंवा डोळे लाल असतील तर सरळ इमर्जन्सी. दाखवलं. घामोळं निघालं. नवीन साबण नव्हता, नवीन क्रीम नव्हतं, म्हणून डॉक्टरांना दहा मिनिटांत ठरवता आलं, नाहीतर चांगलं चाललेलं औषध उगाच बंद झालं असतं. औषध एकदा सलग पाच दिवसांपेक्षा जास्त चुकलं की परत पहिल्या पायरीपासून चढायला लागतं, म्हणजे दीड-दोन महिने पाण्यात.

लॅमोट्रिजिन १०० वर स्थिर झाल्यावर व्हॅल्प्रोएट उतरवायला सुरुवात झाली.

जुलै, रात्री पावणेबारा

आता प्रकरणातला मुख्य भाग. व्हॅल्प्रोएट २५० वर आलेलं. दाजी रात्रपाळीला. मला व्हॉट्सॲपवर आक्काच्या एकामागोमाग लिंका यायला लागल्या. घडी होणारा फोन, दीड लाखाच्या आसपास. "१२ ला सेल सुरू होतोय, दोन घेऊया, एक आईला." मग "तीन घेतले तर डिस्काउंट." मग ऑडिओ मेसेज, त्यात फोनचा विषय सोडून ऑनलाईन क्लासेस काढायची कल्पना. मी लिहिलं, "आक्के, कागदात काय आहे बघ की." उत्तर आलं, "तो कागद जुना झाला आता."

मार्चमधली मागणी आणि ही मागणी, वस्तू तीच, माणूस तेच. पण तेव्हा दिवाळीपासूनचा विचार होता, आता पंधरा मिनिटं होती. तेव्हा एक फोन, आता तीन. तेव्हा "तारीख सांगा" म्हणाली, आता थांब म्हटलं की चिडली. मी मावशींना फोन लावला आणि फोनबिनचं काही न बोलता विचारलं, कालनिर्णय बघा जरा. त्या चष्मा शोधायला गेल्या, मग वाचून दाखवलं: सात, सहा, पाच, चार. शेवटचा आकडा त्यांच्या अक्षरातला, आणि म्हणाल्या, "काल तीनला उठून सगळे डबे घासत हुती बघ. दमली न्हाई अजिबात."

हा "दमली नाही" सगळ्यात महत्त्वाचा. झोप येत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी गळून गेलेला माणूस वेगळा, आणि चार तास झोपून ताजातवाना असलेला वेगळा. डॉक्टरांच्या पुस्तकात हायपोमॅनियाला, म्हणजे हलक्या मॅनियाला, किमान चार दिवस लागतात, मॅनियाला आठवडा, पण आपण घरच्यांनी तेवढं मोजत बसायचं नसतं.

मी आक्काशी वाद घातला नाही. लिंका ठेवून घेतल्या, सकाळी बोलूया म्हटलं. बारा वाजता तिनं प्रयत्न केला का, तर केला, पण यूपीआय पाच हजारावर अडलं आणि कार्ड कपाटात. हे कुलूप कुणी दुसऱ्यानं लावलेलं नव्हतं, मार्चमधल्या तिनंच लावलेलं, त्यामुळं भांडायला पण समोर कोण नव्हतं. दाजींना कंपनीत फोन केला, ते शिफ्ट अर्धी टाकून आले. डॉक्टरांनी मेसेज बघितला, सकाळी नऊला बोलावलं. त्यांनी बघितला नसता तर १४४१६ होतंच, टेली मानस, २०२२ पासून सरकारनं चालू केलेली हेल्पलाईन, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि आपल्या सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे.

सकाळी आक्का दवाखान्यात चिडलेलीच होती. "तुम्हाला माझा फोन दिसतोय, माझं काम दिसत न्हाई." डॉक्टरांनी ह्या वेळी फोनचं नावच काढलं नाही. गोळ्या चुकल्या का, चहा-कॉफी किती, दिवस चुकलेत का (ती टेस्ट पण केली), आणि कालनिर्णयचा फोटो बघितला. मग व्हॅल्प्रोएट उतरवणं तिथंच थांबवलं आणि रात्रीची क्वेटियापीन वाढवली. मला वाटलं होतं नवीन मेन औषध लॅमोट्रिजिन, तेच वाढवतील. तसं करता येत नाही. ते पटकन वाढवलं तर पुरळाची भीती, आणि चढलेल्या मूडला खाली आणायला ते तसंही उपयोगी नाही.

दहा-बारा दिवसांत आकडे परत सातवर आले. सकाळी सुस्ती भयंकर, काउंटरवर कॅश मोजताना चुका नकोत म्हणून तिनं थोडी रजा टाकली. वाढीव क्वेटियापीनमुळं भूक पण वाढली, साखर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी त्यामुळंच लागली. मग व्हॅल्प्रोएट आधीपेक्षा हळू उतरवून ऑगस्टअखेर बंद, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला लॅमोट्रिजिन २००.

ह्यात एक गोष्ट माझ्या मते निर्णायक होती. मार्चमध्ये तिची मागणी खरी मानली होती. त्यामुळं जुलैमध्ये ती चिडली तरी तिनं मला लिंका पाठवल्या, लपवून काही केलं नाही. २०२१ मध्ये आम्हाला कुरिअर आल्यावर कळलं होतं.

दसरा

सप्टेंबरभर कालनिर्णयवर साडेसहाच्या खाली एकही आकडा नाही. नवरात्रात मैत्रिणी अंबाबाईला पहाटेच्या दर्शनाला बोलवत होत्या, ती दुपारी जाऊन आली. जीएसटी कमी झाला म्हणून फोन स्वस्त होतील अशी दाजींची आशा होती, पण सप्टेंबर २०२५ च्या बदलात मोबाईलचा १८ टक्के तसाच राहिला. २ ऑक्टोबरला दसरा. आक्का कागद घेऊन आली आणि आम्ही तिघं नवीन फोनच्या दुकानात गेलो.

सेल्समननं आधी मोठा फोन काढला, मग "ताई, नो कॉस्ट ईएमआय करून देतो, आज फक्त आधार द्या" सुरू केलं. आक्कानं कागद काउंटरवर ठेवला आणि बोटानं ईएमआयची ओळ दाखवली. मग तो ए३५ स्वस्तात देतो म्हणाला. पहिल्या ओळीवर बोट. शेवटी ए३६, ८/२५६, सणाच्या ऑफरमध्ये पस्तीसच्या आत. बॉक्स उघडल्यावर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय बघितला, बॉक्सवरचा आणि बिलावरचा जुळवला, सरकारच्या संचार साथीवर तपासला. कव्हर आणि काच तिथं घेतली नाही, माझ्या दुकानात निम्म्यात बसते.

डेटा मी माझ्या दुकानात दुपारी हलवून दिला, म्हणजे रात्री बसून करायचं काही उरलंच नाही. बॅटरी ८० टक्क्यांवर थांबायची सेटिंग लावली, त्यानं आयुष्य वाढतं. साडेनऊला गोळीचा अलार्म, दहाला स्क्रीन काळी-पांढरी होते. आणि चार्जर स्वयंपाकघरात, कालनिर्णयच्या खाली. सकाळी उठायला तिनं लक्ष्मीपुरीतून सेलवर चालणारं गजराचं घड्याळ आणलं, त्याचा आवाज एवढा बेकार आहे की शेजारचे पण उठतात.

दाजींचं मत अजून वेगळं आहे. ते म्हणतात बारा-बारा हजाराचे दोन फोन तीन-तीन वर्षं वापरले असते तर चोवीसातच भागलं असतं, वर दर वेळी नवीन मिळाला असता. हिशोब तसा चुकीचा नाही. माझं म्हणणं एवढंच की ह्या घरात फोन घ्यायचे प्रसंग जितके कमी तितकं बरं, आणि त्यावर आक्का म्हणते की हे तुम्ही दोघं माझ्यासमोर बोलताय ते मला आवडत नाही. मुद्दा तिचा बरोबर आहे, आम्ही गप्प बसलो.

पुढचं काम अजून आहे. दिवस राहिले की लॅमोट्रिजिनची पातळी खाली येते, त्यामुळं डोसवर लक्ष ठेवायला लागणार आणि बाळंतपणानंतर तो परत खाली आणायला लागणार, नाहीतर जास्त होतो. आणि बायपोलरमध्ये सगळ्यात धोक्याचे म्हणजे बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे, त्यात रात्रीची झोप मोडते ती वेगळीच. डॉक्टरांनी आत्ताच विचारून ठेवलंय की रात्रीचं बाळ कोण बघणार. मावशी म्हणाल्या, मी. दाजींनी कंपनीत रात्रपाळीतून सुटका मागायचा अर्ज लिहून ठेवलाय, तारीख तेवढी कोरी सोडलीय.